ऑर्व्हलची बारीक नळी

रायफलीची नळी निवडायला आलेला माणूस नळी सोडून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलतो. इतकी वर्षं हेच ऐकतोय, त्यामुळे आता मी त्याच्यापुढे कॉफी ठेवतो आणि माझी कानस चालू ठेवतो. हवी असते सगळ्यांना हलकीच. मागच्या हिवाळ्यात गावातला विमा एजंट डेरेक आला होता. त्याने माझ्याकडची सगळ्यात बारीक नळी घेतली, वजन वाचवायला स्क्रूसुद्धा तोलून बघायला लावले आणि माझा जीव मेटाकुटीला आणला. मग घरी नेऊन त्याने तिच्यावर विजेरी बसवली, खाली घडीचे पाय लावले, वर हातभर लांब दुर्बीण चढवली. महिन्याभराने परत हजर.

"मर्ल, तू हलकी म्हणाला होतास ना? मग माझा खांदा का दुखतो?"

"मी हलकीच दिली होती, बाबा. दागिने तू घातलेस."

हे असंच चालतं. आमच्या वायोमिंगमध्ये प्रत्येकाला रायफलीतलं कळतं, फक्त मला कळत नाही. घरामागच्या जुन्या गोठ्यात माझं दुकान आहे. गुडघे गेलेत, डोळे जायच्या वाटेवर आहेत आणि थंडीत अंगठा वाकत नाही. ही पाटी उतरवायची असं दर वसंतात म्हणतो, आणि दर वसंतात कोणीतरी असा येतो की त्याला नाही म्हणता येत नाही. यंदा ऑर्व्हल स्टोडार्ड आला.

ऑर्व्हल माझ्या शाळेतला. मेंढ्यांचा धंदा, बापापासूनचा. आयुष्यभर गवताची धूळ खाल्ली, वर सिगारेटी ओढल्या, आता फुफ्फुसं संपली आहेत. नाकात नळकांडं आणि मागून चाकांवर ऑक्सिजनचा सिलिंडर, असा तो दारातून आत आला. दारापासून शेगडीजवळच्या खुर्चीपर्यंत यायला त्याला मध्ये एकदा थांबावं लागलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"काय रे, आहेस का अजून?" मी विचारलं.

"तुझी कॉफी पिऊन बघतो. वाचलो तर सांगतो."

श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "मला एक हलकी रायफल बांधून दे. चाप ओढला की पुढची गोळी आपोआप वर येणारी. दर गोळीला खटका मागेपुढे करत बसायला नको."

"बापाची रायफल कुठे गेली?"

"आहे ना. कुंपणाच्या खांबाएवढी जड आहे. ती घेऊन पवनचक्कीपर्यंत जातो आणि परत फिरतो. कॉयोटी येतात पवनचक्कीच्या पलीकडच्या कोरड्या ओढ्यातून. मी इकडे बसून त्यांना काय पत्र लिहू?"

मेंढ्या विणार होत्या पंधरवड्यात. कॉयोटी, म्हणजे आमच्याकडचे कोल्हे, पहाटे येतात आणि ओली कोकरं गळ्याला धरून नेतात. गेल्या वसंतात ऑर्व्हलची बरीच कोकरं अशी गेली, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी जास्त विचारलं नाही. खणातून दोन नळ्या काढून बाकावर ठेवल्या. लांबी सारखीच, कायद्याला चालेल तेवढी आखूड. एक जाड अंगाची, दुसरी बारीक.

मेंढपाळाचं एक असतं. कोकरू उचललं की तो वजन सांगतो, काटा लागत नाही. ऑर्व्हल तर यात असा तरबेज होता की जत्रेत लोक त्याच्याशी पैजा लावायचे बंद झाले होते. त्याने दोन्ही हातांत दोन नळ्या घेतल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच बसला. मला वाटलं, झोपला की काय.

"ही," म्हणाला आणि बारीक नळी पुढे केली.

"हिचं ऐकून घे आधी," मी म्हणालो. "ही लवकर तापते. लागोपाठ गोळ्या झाडल्यास की पाचवी, सहावी भलतीकडेच जायला लागते. जाड नळी दिवसभर झाड, हलणार नाही. शनिवारी नेमबाजीच्या मैदानात पोरं तुझा निशाणाचा कागद बघून हसतील."

"कॉयोटी सहाव्या गोळीपर्यंत थांबतो का?"

"नाही."

"मग पहिल्या दोन कुठे जातात ते बोल."

"पहिल्या दोन सांगशील तिथे जातात."

"झालं तर मग. शनिवारी मैदानात जाणारा मी कोण? मला चालत न्यायची आहे ती, टेकूवर ठेवून मिरवायची नाही."

खरं सांगतो, बरं वाटलं. नळीबद्दल इतकं नीट बोलणारं गिऱ्हाईक कितीतरी दिवसांनी आलं होतं.

मग त्याने कोटाच्या खिशातून गवताच्या गठ्ठ्याची नारिंगी दोरी काढली. दोरीला एक गाठ होती. "दस्ता या मापाचा कर," तो म्हणाला. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग. कोपराच्या आतून चापावरच्या बोटापर्यंत हात मोजला की दस्त्याचं माप निघतं. दोरी बाकावर ताणून धरली तर माप चांगलंच आखूड निघालं.

"मागेपुढे सरकणारा दस्ता लावू का? हवा तसा लांब करता येईल."

"नको. तो वाजतो, आणि वजन वाढवतो. एकाच मापाचा लाव. याच."

मी मान डोलावली. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. विणीच्या दिवसांत माणूस एवढा जाड कोट घालतो की त्याला खांद्याशी दस्ता आखूडच लागतो, नाहीतर कापडात अडकतो. ऑर्व्हलचे हात लांब, पण कोटही तसाच मोठा. मी दोरी खिळ्याला टांगली आणि कामाला लागलो. निम्मं आयुष्य दस्ते कापण्यात गेलेल्या माणसाला शंका यायला हवी होती. आली नाही.

त्याच आठवड्यात वेल्डा आली. ऑर्व्हलची बायको. ठेंगणी, ठाम, हिच्या तोंडाला मेंढ्यांची कुत्रीसुद्धा लागत नाहीत. हातात दालचिनीच्या रोलचा पत्र्याचा डबा होता. ती मोकळ्या हाताने कधी येत नाही आणि बिनकामाची तर कधीच येत नाही.

"कुठली नळी लावतोयस त्याला?" ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"त्याने निवडली ती. बारीक."

"जाड लाव."

मी कानस खाली ठेवली. "वेल्डा, लोकांच्या बायका माझ्याकडे येतात त्या बिल कमी कर म्हणायला. वजन वाढव म्हणणारी तू पहिली."

"चेष्टा नको करूस, मर्ल." ती खुर्चीत बसली. कोट काढला नाही. "बापाची ती जड रायफल घेऊन तो पवनचक्कीपर्यंत जातो. तिथे दम लागतो आणि फिरतो. ती रायफल माझ्या बाजूची आहे, कळलं? तू त्याला हलकी दिलीस की तो ओढ्यापर्यंत जाणार. उतरेल, पण चढून परत यायला दम कुठून आणणार? गेल्या महिन्यात नुसता काठीवर गेला होता. पवनचक्कीपलीकडे बर्फात बसलेला सापडला. मला नाही, कुत्रीला सापडला. ओठ निळे. आणि मला म्हणतो, जरा देखावा बघत होतो."

"मग त्याला सांग ना, जाऊ नको म्हणून."

"तू ऑर्व्हलला ओळखतोस ना रे?"

ओळखतो.

"त्याला नळीतलं काय कळणार आहे? तू म्हण, बारीक मिळाली नाही."

"अगं, तो डोळे मिटून कोकराचं वजन सांगतो. त्याला रायफलीचं कळणार नाही?"

"मग म्हण, हीच चांगली आहे. तुझं ऐकतो तो. मर्ल, मला एवढा एक वसंत तरी दे."

मला दोघांचाही राग आला. नवराबायकोंनी आपलं भांडण आपल्या स्वयंपाकघरात करावं, माझ्या बाकावर आणू नये. पण तिचे डोळे बघून ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "बघतो." वेल्डाच्या शब्दकोशात बघतो म्हणजे हो. डबा माझ्याकडे ठेवून ती गेली.

मी जाड नळी लावली. लपवण्यात अर्थ नाही. लावली, घरामागच्या बांधावर झाडून बघितली, आणि काय नळी होती ती! गोळीवर गोळी बसत होती. मनाला म्हटलं, चांगली नळी लावणं यात फसवणूक कसली? दोन रात्री ती तशीच फळीवर पडून होती. येताजाता दिसायची आणि ऑर्व्हलचे ते मिटलेले डोळे आठवायचे. त्याने मागितलं होतं एक आणि मी देणार होतो दुसरं, वर ते त्याच्याच भल्याचं म्हणून सांगणार होतो. डॉक्टर त्याला तेच सांगतात, मुलगी फोनवरून तेच सांगते, बायको तेच सांगते. त्यात आता मी. तिसऱ्या दिवशी शिव्या देत जाड नळी उतरवली आणि बारीक चढवली. एकच काम दोनदा. अंगठा संध्याकाळपर्यंत ठणकत होता.

बारीक नळीची परीक्षा मी वेगळी घेतली. एक गोळी झाडायची, नळी पार गार होऊ द्यायची, मग दुसरी. बर्फात उभं राहून नळी गार होण्याची वाट बघणं हे या वयात करायचं काम नव्हे. पण पहिली गोळी दर वेळी हवी तिथेच गेली. वेल्डाला काय सांगायचं, ते मात्र ठरेना.

रायफल न्यायला दोघं बरोबर आली. ऑर्व्हल पुढे, वेल्डा मागे सिलिंडर धरून. पंधरवड्यात तो आणखी वाळला होता. कोट अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. त्याने विक्रीच्या कागदावर सही केली, मग रायफल दोन्ही तळव्यांवर आडवी घेऊन डोळे मिटले.

"बरोबर," म्हणाला.

"खांद्याला लावून बघ की," मी म्हणालो.

"कशाला? तू केलीस ना." त्याने रायफल बाकावर ठेवली आणि खोकायला लागला. खोकला थांबेचना. शेवटी वेल्डाच म्हणाली, "जा, गाडीत बस जाऊन. हीटर लाव. मी आणते." तो निमूट गेला. ऑर्व्हल निमूट गेलेला मी पहिल्यांदा बघितला आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दार लागलं तशी वेल्डा माझ्याकडे वळली. "जाड लावलीस ना?"

"नाही."

"मर्ल!"

"त्याने निवडली ती लावली. मला नाही जमलं, वेल्डा. तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

तिने शिव्या दिल्या नाहीत. ती बाकाकडे गेली आणि रायफल झटक्यात उचलली. जड असेल या हिशेबाने उचलली होती, त्यामुळे ती जवळजवळ छतालाच लागली. "हे काय आहे?" ती म्हणाली. रागाने तिचा आवाज चिरला होता. "यापेक्षा माझी झारी जड आहे. ही घेऊन तो डोंगरापलीकडे जाईल. हे बघ, मीसुद्धा..."

आणि मला दाखवायला तिने ती खांद्याला लावली.

मापाची रायफल खांद्याला लागली की बघणाऱ्याला लगेच कळतं. मान वाकवावी लागत नाही, कोपर उचलावं लागत नाही, गाल आपोआप जागेवर येतो आणि डोळा थेट दुर्बिणीमागे. वेल्डाच्या अंगात जाड कोट होता, तरी दस्ता तिच्या खांद्यात आपलं घर असल्यासारखा बसला. बोट चापावर पोचलं, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. पुढे नळी हलकी असल्याने तिचा डावा हात कापतही नव्हता. इतक्या वर्षांत इतकी मापात बसलेली रायफल माझ्या हातून फार थोड्या वेळा झाली आहे. आणि ऑर्व्हलचे हात तिच्याहून वीतभर लांब. माप ऑर्व्हलचं नव्हतंच.

तीही हलली नाही. रायफल तशीच खांद्याला, डोळा दुर्बिणीला. मग हळूहळू तिने ती खाली आणली.

"तुला माप कोणी दिलं?" तिने विचारलं.

मी खिळ्यावरची नारिंगी दोरी काढून तिच्यापुढे धरली. तिने गाठीवरून अंगठा फिरवला.

"नाताळानंतर एकदा," ती म्हणाली, "मी भांडी घासत होते. हा मागून आला आणि ही दोरी माझ्या हाताला लावली. मी म्हटलं, काय चाललंय? तर म्हणे, काही नाही, तू घास. मला वाटलं, वाढदिवसाला स्वेटर आणतोय."

बाहेर पिकअपचा आवाज येत होता, हीटरसाठी चालू ठेवलेली. मला माझीच चीड आली. कोट, म्हणे. दोरी समोर ठेवून गेला होता तो, आणि मी कोटाचा हिशेब करत बसलो.

वेल्डा खुर्चीत बसली, रायफल मांडीवर आडवी. "म्हणजे त्याने ठरवलंय," ती म्हणाली. "पुढच्या वसंतात मेंढ्यांजवळ मी एकटी असणार, हे त्याने ठरवून टाकलंय."

"ठरवलं नसेल, अगं. त्याला माहीत असेल."

"ती जाड नळी आहे अजून?"

"आहे."

"ती लाव."

"वेल्डा, मग तुझ्याने ही धरवणार नाही. तुझे हात..."

"माहीत आहे मला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला नाही धरवली तर त्याला थांबावं लागेल. तो अर्धवट काम टाकून कधी कुठे गेला नाही."

मला वाटलं, आता ही रडेल. रडली असती तर मला बरं पडलं असतं, मी निदान कॉफी तरी ओतली असती. ती नुसती बसून राहिली, आणि मीच पाठ फिरवून शेगडीत लाकूड सारलं. गरज नव्हती, शेगडी रसरसून पेटली होती. मग म्हणालो, "सांग तर लावतो. तू सांगशील ते करतो." मनापासून म्हणालो. तिने सांगितलं असतं तर तिसऱ्यांदा नळी बदलली असती, अंगठ्यासकट.

बाहेर ऑर्व्हलने हॉर्न वाजवला. अगदी हळू, एकदाच.

वेल्डा उठली. तिने दोरी कोटाच्या खिशात घातली आणि रायफल खांद्याला अडकवली. मी रायफलीची रिकामी पेटी आणि गोळ्यांचे खोके घेऊन तिच्यामागे गेलो. वारा असा होता की पेटी मला ओढून नेत होती. ऑर्व्हल स्टीअरिंगमागे बसला होता आणि काचेतून तिला येताना बघत होता. ती त्याच्या बाजूच्या दाराशी गेली आणि दार उघडलं.

"सरक," म्हणाली.

"का? चालवतो की मी."

"सरक म्हटलं ना."

तो सिलिंडर ओढत पलीकडच्या सीटवर सरकला. त्याला वेळ लागला आणि ती उभी राहिली, घाई केली नाही. मग तिने रायफल मागच्या काचेजवळच्या रायफलीच्या अडणीवर ठेवली आणि स्टीअरिंगमागे बसली. मी पेटी मागे सरकवत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"कशी वाटली?" ऑर्व्हलने विचारलं.

"हलकी आहे."

"जास्त हलकी?"

"नाही," वेल्डा म्हणाली. "माझ्या मापाची आहे."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मी काही बोललो नव्हतो आणि त्याला ते कळलं असावं. तो परत समोर बघायला लागला. नाकातलं नळकांडं नीट केलं.

"उद्या पहाटे पवनचक्कीपर्यंत जाऊ," तो म्हणाला. "ओढ्यात ते कुठून वर येतात ते तिथूनच दाखवतो तुला. एकदा बघितलंस की लक्षात राहील."

वेल्डाने गाडी गिअरमध्ये टाकली.

"माझ्या नाही लक्षात राहत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत दाखवावं लागेल."

त्याने सिलिंडर पायाशी ओढून घेतला. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग गाडी रस्त्याला घेतली.